अंगठ्याएवढा खिळा
खिळ्याची लांबी जेमतेम अंगठ्याएवढी भरली. हवी होती हातभर. तोफनौकेच्या फळीतून तो सुतार ट्रेगेन्झाच्या नुसत्या चिमटीनंच अलगद निघून आला. युद्धाच्या घाईत गोदीवाल्यांनी तांब्याच्या खिळ्यांचे दांडे चोरून नुसती डोकी ठोकली होती. इंग्लंड सोडल्यापासून असे कितीतरी त्याला सापडले होते; भित्रा म्हणतील म्हणून तो ते परत ठोकून गप्प बसला. आता समोर रशियन किल्ला होता आणि मोठी तोफ ठासून तयार होती. तिच्या पहिल्याच धक्क्यानं फळ्या उसवणार, हे त्याला कळत होतं. “सुतारबुवा, बार उडायच्या आधीच घाम?” तोफवाला नॅन्स खिदळला. “कानात घालायला कापूस देऊ का?” ट्रेगेन्झा तळहातावर खिळा घेऊन कप्तानासमोर उभा राहिला. “साहेब, तोफ डागू नका. आपल्या बोटीला खिळेच नाहीत.”