नेमका कालच संपला

दारात हँडबॉलवाली सुनिवा उभी होती, खांद्यावर टॉयलेट पेपरचा भलाथोरला गठ्ठा. स्पर्धेला जायचा खर्च काढायचा म्हटलं की आमच्या क्लबची पोरं दारोदार हेच विकतात.

"बरं झालं आलीस गं! घरातला नेमका कालच संपला," ओडवार आजोबा म्हणाले. "बूट काढ, वॅफल खाऊन जा."

"नको आजोबा, अख्खी गल्ली राहिलीय. हा कोठीत टाकते आणि पळते."

"अगं राहू दे, मी ठेवतो..."

तोवर तिनं दाराशेजारची कोठी उघडलीसुद्धा. आत छतापर्यंत गठ्ठेच गठ्ठे. फुटबॉलवाल्यांचे, स्कीवाल्यांचे, हँडबॉलचे. एकही फोडलेला नाही.

आजोबा खिडकीतून बर्फ बघत राहिले.

सुनिवानं गुपचूप बूट काढले.

"परवा स्कीवाले विकायला निघणारेत," ती म्हणाली. "त्यांना सांगते, तुमच्याकडचा संपलाय."