नऊ मिनिटांचं माहेर

नागपंचमीला रेवतीला न्यायला तिचा धाकटा भाऊ संताजी मुऱ्हाळी होऊन नांदेडला आला. नव्या विमानाने तिचं कोल्हापूरचं माहेर आता नऊ मिनिटांवर आलं होतं.

सासूबाईंनी दारातच सुनावलं, "झोका खेळून संध्याकाळच्या भाकरीला परत ये गं. एवढ्याशा वाटेला मुक्काम कशाला?"

रेवती गालात हसली. सासू ती सासूच. मुऱ्हाळी आल्यावर तिला कोण विचारतंय! पण विमानतळावर संताजीने तिकिटं काढली, तर परतीचं आजचंच.

"हे तू काढलंस?"

"मग काय, आक्का! नऊ मिनिटांसाठी कोण राहतंय आता? आईच म्हणाली, तोंड दाखवून जाऊ दे. पुरणाचे दिंड तेवढे खाऊन जा."

रेवतीला शिसारी आली. वाट लांब होती तोवर माहेर पोटभर होतं. वाट आटली तसं तेही आटलं. आणि ह्या मेल्याला त्याचं कौतुक!

विमानाची हाक झाली. संताजीने तिची पिशवी उचलली. तिने ती हिसकावून घेतली.

"तू एकटाच जा. आईला सांग, पोरगी लांब दिलीय."