कोरडी बादली

"साहेब, कापूर बाहेरच लावा," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

खंडेनवमी होती. टायटॅनियमची भुकटी दाबून सुटे भाग करणाऱ्या आमच्या प्रेसला झेंडूचा हार घातला होता. मालक म्हणाले, "वर्षभर तुमचंच ऐकतो, वाळिंबे. आज एवढं देवीचं होऊ द्या."

आमची भुकटी मैद्याहून बारीक. पेटल्यावर तिच्यावर पाणी पडलं तर स्फोटच. म्हणून दाराशी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या मी स्वतः भरून ठेवल्या होत्या. त्यांच्या भरवशावर गप्प बसलो, टाळ्याही वाजवू लागलो.

प्रेसला ओवाळताना ताट कललं आणि जळता कापूर खालच्या फटीत घरंगळला. तिथे साचलेल्या भुकटीत डोळे दिपवणारा पांढरा ठिपका उजळला आणि पसरू लागला.

मी बादलीकडे धावलो, वाळूसाठी हात खुपसला. हात कोपरापर्यंत भिजला.

"घाबरू नका दादा," झाडलोट करणाऱ्या गोदामावशी म्हणाल्या, "ती मळकी वाळू मी सकाळीच टाकली. सणाचं म्हणून बादल्या घासून पाणी भरलंय."

दुसरी बादली त्यांनी उचललीही होती.