पितळी घंटी

हॉलंडहून सायकलींवर निघालेल्या टिन्के आणि वुबो या म्हाताऱ्या नवराबायकोचा एकच नियम होता: पुढे गेलेल्याने सीमेवर थांबायचं आणि सीमा जोडीनेच ओलांडायची. डॅन्यूबकाठी ऑस्ट्रियाच्या पाटीखाली टिन्के तासभर नवऱ्याची वाट बघत होती. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं आणि फोन तिच्याच पिशवीत राहिला होता. मागून आलेल्या दोन जर्मन सायकलवाल्यांनी माना हलवल्या. वाटेत त्यांना कुणीच दिसलं नव्हतं. तिने सायकल मागे वळवली. तेवढ्यात नदीपलीकडे घंटी खणखणली, वुबोच्या सायकलची, तीच जुनी, पितळी, "कशाला हे लोढणं?" म्हणून तिने प्रत्येक चढावर हिणवलेली. समोरच्या काठावर पिवळं जाकीट नाचत होतं. "अगं, चुकून पूल ओलांडला! मी कधीचाच ऑस्ट्रियात!" "गाढवा, नियम मोडलास!" ती किंचाळली. बिचारी घंटी गप्प झाली. "थांबलास का? वाजव की, मेल्या!"