धाकल्याची गोधडी

मुलांनो, अशी कल्पना करा. तुमच्या हातात सुई आहे. तिच्यातला दोरा आत्ताच एका म्हातारीने मशेरी लावलेल्या तोंडात घालून ओला केला आहे. तो अजून चिकट आहे, तपकिरी आहे. आणि ती तुम्हाला म्हणते आहे, "शिव."

भूमिकाने दोरा चिमटीत धरून फरशीला पुसला.

"काय व पोरी, माह्या थुकीत इख हाये का?" अक्का हसली.

अक्का म्हणजे इंदिराबाई, भूमिकाच्या बाबांची आत्या. वय चौऱ्याऐंशी. परवा ती बोदवडहून एक गाठोडे घेऊन पिंप्राळ्याच्या या फ्लॅटमध्ये आली होती, गोधडी शिवायला. आई आठ दिवसांपासून दवाखान्यातच होती. शनिवारी सुट्टी मिळणार होती. त्याच्या आत गोधडी पुरी व्हायला हवी होती.

गाठोडे सुटले तेव्हा भूमिकाने नाक दाबले. आत चिंध्या होत्या. अक्का त्यांना धुडके म्हणायची. बोदवडला आणि इथे आल्यावर या इमारतीतही घरोघरी मागून आणलेले, आणि एकही धुतलेला नाही. खालच्या मजल्यावरच्या समाधानकाकांचा काखेत पिवळा पडलेला बनियन. लताबाईंचा कुबट खोबरेल तेलाच्या वासाचा परकर. केळीचे घड कापणाऱ्या लोटनची बंडी, चिकाच्या काळ्या डागांनी पापडासारखी कडक झालेली. एका पंच्याला तर कोणीतरी नक्कीच नाक पुसले होते.

"मी मशीनमधून काढून आणते," भूमिका म्हणाली.

"खबरदार! धुतलं की गुण गेला."

"पण अक्का, किळस येते."

"यायलेच पाहिजे. यम आला, वाकून पाह्यलं, की त्यालेबी किळस आली पाहिजे. म्हनन, छी, हे कोनाकोनाचं उष्टं? नको आपल्याले. आन् जाईन माघारी." अक्काने सुई अंबाड्यात खोचली. "माह्या मायनं अशीच शिवली होती. तवा मी तुह्याएवढी होती, आठ वर्साची. याच्या आधीचे तीन राह्यले नाही, पोरी. हा राह्यला पाहिजे."

त्या तिघांबद्दल भूमिकाला कोणी कधीच सांगितले नव्हते.

गोधडीवर चंद्राच्या कोरी होत्या. एका तुकड्यातून कोर कापून काढायची आणि त्या खोलगट कडेत दुसऱ्या कापडाचा फुगीर तुकडा बसवायचा. भूमिकाने एका टोकापासून शिवायला घेतले. दुसऱ्या टोकाशी येईपर्यंत सगळ्याचा चोळामोळा झाला.

"टोकापासून नाही व. आधी मधोमध एक टाका. मंग हे टोक, मंग ते टोक. ओढू नको. कापडाले त्याचं त्याचं वळू दे."

तीन वेळा उसवले. चौथ्या वेळी कोर बसली, अगदी गोल. भूमिकाला बरे वाटले. मग तिने घाम पुसायला हात वर नेला, बोटांना बनियनचा वास आला, आणि ती बेसिनकडे पळाली.

संध्याकाळी शेजारची डिंपल आली. कोपऱ्यात बाबांनी आणून ठेवलेले डायपर तिने पाहिले.

"बाप रे, केवढे मोठे पाकीट! आणि झोपायचे कुठे?"

"माझ्या खोलीत. माझ्याच पलंगाशेजारी."

"मग तुझी वाट लागली. मामीकडे बघते ना मी. मऊ भात भरवायचा, तर निम्मा हनुवटीवरून खाली. लाळ सारखी. आणि वास तर विचारू नकोस."

"तोंडात एक दात नाही," भूमिका तोंड वेंगाडून म्हणाली.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. ते खूश होते. "अक्का, आज चार चमचे दूध पोटात गेलं. डोळे उघडून आवाजाकडे बघणंही झालं. आता बोलणं, चालणं, सगळं आपणच शिकवायचं."

अक्काने फोन कपाळाला लावला.

शुक्रवारी दुपारपर्यंत सहा घरचे कापड लागले. मधली कोर तेवढी रिकामी राहिली. अक्काने भूमिकाकडे पाहिले.

"सातवं घर आपलं. तुह्या अंगातलं दे."

अंगात पिवळा फ्रॉक होता, नवाकोरा. भूमिका मागे सरकली. "हा नाही! त्या घाणीत मुळीच नाही. जुना देते."

"जुना नको. अंगातलाच लागते."

"मग नाही देणार."

अक्काने कात्री खाली ठेवली. "जबरीचं चालत नाही. मनानं दिलं तरच." ती बराच वेळ त्या भोकावरून अंगठा फिरवत बसली. "पन भोक राह्यलं, त यम त्यातूनच येईन."

शनिवारी अकरा वाजता जिन्यात पावले वाजली. अक्काने गोधडी पलंगावर अंथरली, मधल्या भोकासकट. दार उघडले. आधी समाधानकाका आत आले, उलट्या पावलांनी. पलीकडून बाबा. मागे पिशव्या घेतलेली आई. काका आणि बाबांनी मिळून एक खुर्ची उचलून आणली होती. त्यांनी ती हळूच खाली टेकवली.

"आला व माय, माहा धाकला आला," अक्का म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी खुर्चीतल्या आबांचे, भूमिकाच्या आजोबांचे, टक्कल कुरवाळले. आबांचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. मनगटावर दवाखान्याची पट्टी होती. त्यांना सगळेच आबा म्हणत, म्हणून भूमिकाने ती पट्टी दोनदा वाचली: धुडकू झुलाल, वय शहात्तर. आबांनी तिच्याकडे पाहून काहीतरी म्हटले. शब्द आला नाही, हनुवटीवरून लाळेची तार लोंबली. भूमिका पुढे झाली, फ्रॉकच्या घेराने तिने ती लाळ नीट पुसली, आणि तेवढाच ओला भाग मुठीत धरून कात्री मागायला अक्कापुढे दुसरा हात केला.