जुना व्हिडिओ गेम, नग चार

दिगंबर शेवाळकरांचा प्लग वायरमननं बरोबर पाच वाजता काढला. बरं, तसं काही झालंच नाही असं धरू; घड्याळात अजून पावणेपाचच वाजलेत.

दिगंबर कॉटवर स्टँडबायवर आहेत. आजारावर औषध निघालं की डॉक्टर त्यांना पुन्हा चालू करणार. शेजारी त्यांचे लाडके तीन जुने व्हिडिओ गेम. चौघांचे लाल दिवे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. माणसाच्या स्टँडबायच्या मंजुरीला नऊ वर्षांची रांग होती, म्हणून त्यांच्या बायकोनं, हेमांगीनं, अर्जात त्यांना चौथा गेम म्हणून दाखवलं. आता नव्या नियमानं जुन्या गेमचा स्टँडबाय बंद झालाय, आणि पाचला चारही प्लग काढायला वायरमन येऊन उभा आहे.

"दादा, हे तिन्ही खुशाल काढा. पण चौथे आमचे हे आहेत हो!"

"वहिनी, कागदावर चार गेम आहेत."

"अहो, घोरतात ते! ऐका ना जरा!"

"आमचा फ्रिजही घोरतो."

"मग त्याचा प्लग काढता का?"

"छे! फ्रिजला चोवीस तास मुभा आहे."

हेमांगीनं कोरा कागद ओढला. पाचला दोन मिनिटं होती.

"तरी माझ्या यजमानांची नोंद 'जुना व्हिडिओ गेम' यातून वगळून 'फ्रिज, एकदारी' यात करावी, व तोवर प्लग काढू नये, ही नम्र विनंती."