आवाज तेवढा आला

नातवाचं बारसं कॅनडात, पण ते मी इथं आमच्या कारेलीबागेत मोठ्या पडद्यावर दाखवणार, असं साऱ्या सोसायटीला सांगितलं होतं. पहिला नातू म्हणजे आजोबांचंच नाव, रमाकांत, हेही ठणकावलं होतं. बायका जमल्या. ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवरून पडद्यावर पाळणा हलला आणि तिथंच थिजला. आवाज मात्र खणखणीत होता. शेजारचे पिनाकीनभाई खटपट करून घामाघूम झाले. “शुं करूं, मासी? व्हिडिओ पळवायचं काम आतल्या कार्डाचं, पण नवा प्रोग्राम जुन्या कार्डाला ओळखतच नाही.” “मग ओळख करून द्या की!” मी म्हटलं. तेवढ्यात तिकडून मुलगा म्हणाला, “बाळाचं नाव कियान.” बायका माझ्याकडे बघू लागल्या. “बंद करा ते डबडं,” मी ओरडले, “आवाजसुद्धा चुकीचा येतोय!” “हो ना, मशीनच जुनं,” सगळ्या एका सुरात म्हणाल्या. माझी कीव करायची हिंमत आजवर एकीचीही झाली नव्हती.